अंगठ्याचं एक घर

वडील गेल्यावर त्यांचा वॉकर परत करायला ती फिजिओथेरपी विभागात आली होती. शेजारी एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी बोलत बसले होते. गृहस्थांचा उजवा हात मांडीवर निपचित होता.

“बाबा, परवा स्पर्धा आहे आणि माझा बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर प्रोग्राम अजून वेळ संपूनच हरतोय.”

“एवढा वेळ करतो काय तो?”

“प्रत्येक चालीनंतर सगळ्या मोहऱ्यांना जायला किती घरं मोकळी आहेत, ते मोजतो.”

“एक प्यादं हललं म्हणून सगळ्यांची? एकाला शिंक आली की अख्ख्या गावाला काढा पाजतो म्हण की.”

“मग काय करू?”

“जे हललं ते मोज. त्याच्यामुळे ज्यांची वाट उघडली किंवा अडली, ते मोज. बाकीच्यांचा आधीचा आकडा चालतो.”

“आधीचा जपून ठेवायचा... जमेल बाबा. आजच बसते.”

“बस. माझं डोकं चालतंय अजून.”

“आणि हात?”

“अंगठा सकाळी एक घर सरकला.”

“दाखवा बघू.”

वॉकर परत करायला आलेली तीही तो धरून किंचित पुढे वाकली.

“हे बघ. पण बाकीची चार बोटं ढिम्म आहेत.”

“त्यांचा कालचा आकडा चालेल, बाबा. आज अंगठाच मोजू.”