वैशाखातलं तुरीचं फूल

विषय सांगतो आधी — नाही, तू बस की, उभी का? त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतो. इकडं बस, पंख्याखाली. आणि ती पिशवी खाली ठेव. छातीशी धरून बसलीयस जशी काय मी हिसकावून घेणार आहे. हां. तर विषय: सेवानिवृत्त लिपिक कैलासवासी सिद्धलिंगप्पा — काय? बरं, तुमच्यात लिंगैक्य म्हणतात, दुरुस्ती मान्य — लिंगैक्य सिद्धलिंगप्पा यांच्याकडून, त्यांच्या निधनानंतरही, रोज सकाळी एक याप्रमाणे फुलांचे फोटो येत राहिल्याबाबत. संदर्भ: त्यांची सून दानेश्वरी, म्हणजे तू, हिनं परवा फोनवर रडत रडत दिलेली कबुली. आता पुन्हा रडू नकोस, कबुली एकदाच नोंदवायची असते. जन्मभर कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर बसलो, पोरी — विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय मला माझं दुःखसुद्धा मांडता येत नाही. पाणी घे. नळ आजच आलाय, चार दिवसांनी, त्यामुळे थंड नाही पण ताजं आहे.

तुला वाटत असेल, म्हाताऱ्याचं एवढं काय बिघडलं — पाच-सहा महिने रोज एक फूल मिळालंच की. मिळालं ना? मिळालं. पण ते काय होतं हे तुला माहीत आहे का? तो विजापूरला तुमच्याकडं राहायला गेला तेव्हा आमचं ठरलं. पेन्शनवाल्यांच्या ग्रुपवर रोज पहाटेपासून गुलाब येऊन पडायचे — दवबिंदू लावलेले, सोनेरी अक्षरातले, खाली सुविचार. एकच गुलाब सात जणांकडून. तो म्हणाला, आबा, हे सगळं उष्टं आहे, आपण ताजं खाऊ. मग नियम केले, नियमांशिवाय आम्हाला करमत नाही. फूल त्याच दिवशीचं पाहिजे. स्वतः बघितलेलं पाहिजे. तोडायचं नाही. आणि मजकूर नाही! आयुष्यभर मजकूरच लिहिला आम्ही, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ करत. आता एक अक्षर नको. फोनवर बोलायचं तर तुझ्या सासऱ्याला कानाशी भोंगा वाजवला तरी ऐकू येत नव्हतं — त्याला ‘कसा आहेस’ विचारायचं म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी ‘बरे आहोत’ म्हणायचं. म्हणून फूल. फूल आलं की गडी जिवंत. सरकार पेन्शनरकडून वर्षातून एकदा हयातीचा दाखला मागतं, नोव्हेंबरात. आम्ही एकमेकांकडून रोज मागायचो. एवढाच फरक — सरकारचा कुणावर जीव नसतो.

आणि मी चुकवला नाही हां. एक दिवस नाही. इथं वैशाखात फूल मिळवणं म्हणजे काय, तुला सांगतो — कुंड्या कोरड्या, सदाफुलीसुद्धा मान टाकते, सदाफुली! मग काठी घेऊन खाली उतरायचं, शाळेच्या कुंपणाची बोगनवेल, नाही तर शेजारच्या गल्लीतली कण्हेर, तिथली बाई संशयानं बघते, वाटतं फुलं चोरायला आलाय. मी म्हणतो, बाई, फक्त फोटो, ती म्हणते, कशाला? आता काय सांगणार कशाला. बायपास झाली तेव्हा दवाखान्याच्या खिडकीतून गुलमोहर काढला, हात एवढा थरथरत होता की नुसता लाल डाग आला. तोच पाठवला. आणि आमची ही, तुझी काकू, गेली त्या सकाळी — माणसं जमली होती, कुणी गवऱ्या आणायला गेलेलं, कुणी मडकं — मी बाल्कनीत गेलो. तिनंच लावलेला मोगरा होता. एक काढला, पाठवला. नुसता मोगरा, शब्द नाही. आणि दुपारच्या आत हा माणूस दारात! मी कळवलं नव्हतं. मी विचारलं, कसं कळलं रे? तर म्हणाला — समोर असलं की ओठांवरून कळायचं त्याला — आबा, तुझा फोटो रोज वाकडा असतो, आज सरळ होता. मी म्हटलं काहीतरी झालं. ऐकलंस? एका सरळ मोगऱ्यावरून हा विजापूरहून पहिल्या गाडीनं आला. बाराव्यापर्यंत माझ्याजवळ बसला. मी बोलायला लागलो की म्हणायचा, ‘सुम्मनिरो आबा’, गप बस. आणि मी? मला त्याच्या तब्येतीचं सहा-सहा महिने काही कळलं नाही, कारण त्याचे फोटो कायम सरळच असायचे. मरतानासुद्धा सरळ!

नाही, मी चिडलेलो नाही. चिडलो असतो तर तुला पंख्याखाली बसवलं नसतं. मी फसवला गेलोय, ते वेगळं खातं.

आता फसवलं कुणी? तू? तू तर हुकमाची ताबेदार. त्यानं सांगितलं, तू केलंस. पण मानसिंगनं का? मानसिंग — आमचाच, आवक-जावकला होता, मिशीवाला. तो मातीला आला होता ना तुमच्या रानात, होटगीला? आला होता. मला तुमचं रान करणाऱ्या गंगम्मानं सांगितलं. म्हणजे बघ, संक्रांतीनंतर पेन्शनरांचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. मानसिंग माझ्या शेजारी. मला म्हणाला, सिद्धलिंगप्पाचं काय? — प्रश्न त्यानं काढला हां, मी नाही, बघत असेल मला कितपत माहीत आहे. मी छाती फुगवून सांगतोय, मजेत! कालच अबोली पाठवली, लई झ्याक फुलली होती. मानसिंगनं ताट पुढं ओढलं. मग तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि नुसतं म्हणाला, ‘घ्या.’ पुढचं म्हणालाच नाही. मला वाटलं, वय झालं, विसरला. त्याचंही बरोबर आहे म्हणा — त्या दिवशी गोड बोला कुठल्या तोंडानं म्हणणार होता? सगळ्या मंडपाला माहीत होतं, दानेश्वरी, आणि ग्रुपवर मात्र कुणी एक अक्षर टाकलं नव्हतं. सगळे माझ्याकडं असे बघत होते जसं लग्नात मुलीच्या आंधळ्या आज्याकडं बघतात. आणि मी मेलेल्या माणसाची खुशाली सांगत फिरत होतो.

पण सापडला. शेवटी सापडलाच! कुठं सापडला सांगू? जिथं नेहमी सापडायचा तिथंच. तुला हजेरीपत्रक माहीत आहे का — तुमच्याकडं बोट लावतात आता. आमच्या वेळी सही असायची. आणि तुझ्या सासऱ्याला एक खोड, शनिवारी निघताना पुढच्या आठवड्याच्या सह्या करून ठेवायचा. पळून जायला नव्हे, यायचा वेळेवर. पण त्याला आधीच करून ठेवायला आवडायचं. म्हणायचा, न जाणो, आबा. हजेरीपत्रक माझ्याकडं, मी ओरडायचो, तो हसायचा. आणि दर वर्षी संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेला फसायचा — कलेक्टरांची स्थानिक सुट्टी जाहीर झालेली असायची आणि सुट्टीच्या रकान्यात याची ठसठशीत सही! सगळी कचेरी बंद आणि हा एकटा हजर. साहेब लाल शाईनं गोल करायचे, मला विचारायचे, हे काय? मी म्हणायचो, साहेब, भक्त आहे, देवाच्या दारी हजेरी लावली.

तर गेल्या आठवड्यात, भर वैशाखात, सकाळी फोन वाजला. बघतो तर तुरीचं फूल. पिवळं, पाठीवर तांबड्या रेषा. सुरेख. चहा गार होईस्तोवर बघत बसलो. आणि मग डोक्यात आलं — अरे, तूर? तूर दिवाळीच्या सुमाराला फुलते. संक्रांत झाली की कापून, बडवून, डाळ होऊन डब्यात. वैशाखात अख्ख्या शिवारात ढेकळं असतात, तुरीचं फूल कुठून येईल? तुला नाही कळणार, तुझं शिक्षण कॉम्प्युटरचं. तुला पिवळं फूल ते पिवळं फूल. मला एका क्षणात समोर रकाना दिसला. सुट्टीचा रकाना, आणि त्यात सही.

तरी मी त्याला संशयाचा फायदा दिला हां. नियम मोडून मजकूर पाठवला — ‘सिद्धलिंगप्पा, वैशाखात तूर?’ आणि उत्तर काय? दोन जोडलेले हात! अगं, तो मला हात जोडेल? त्यानं जन्मात मला हात जोडले नाहीत, शिव्या दिल्या, कानडीतून, माझ्या आईला कळू नयेत म्हणून. हे हात त्याचे नव्हेत. तरी मनात म्हटलं, होटगीच्या रानात, विहिरीच्या पाण्यावर एखादं झाड राहिलं असेल, माणूस गावी आला असेल, हट्टानं फोटो काढला असेल. माणूस किती वेडा असतो! शेअर रिक्षा केली. उन्हात बांधाबांधानं गेलो. रान नांगरून पडलेलं. आणि आंब्याखाली — समाधीचा ओटा. नवा नाही हां, बसलेला. वर वाळलेला बेल. गंगम्मा शेळ्या घेऊन आली, तुमचं रान करते ती. मला ओळखलं तिनं. म्हणाली, ‘आबासायब, मालक हितंच हाईत की. मार्गेसरापास्नं. तुमास्नी ठाव न्हाय व्हय?’

ठाव न्हाय. मार्गशीर्षापासून ठाव न्हाय. मी तिला तिथी-वार विचारून हिशेब लावला — म्हणजे ज्या दिवशी तुम्ही त्याला बसवलंत त्या मातीत, त्या सकाळी मला जास्वंद आलं होतं. मला ते आठवतं, कारण मी त्याच्यावर चार लोकांना दाखवून फुशारकी मारली होती. माझ्या घरापासून शेअर रिक्षा जाते तिथं, दानेश्वरी! मूठभर माती टाकायला मला कुणी बोलावलं नाही. माझी पाळी होती की ती. त्यानं माझ्याकडची केली, मी त्याच्याकडची करायची, असं असतं ते.

मातीवर आता माती काय टाकणार? बांधावर रुई होती, फुललेली — रुईला वैशाख लागत नाही. फोटो काढला. मागं ओटा येईल असा उभा राहिलो. पाठवला. मजकूर नाही. म्हटलं, ज्याच्या हातात फोन असेल त्याला कळेल. तुला कळलं. फोन आला तुझा.

काय म्हणाला होता तो? पुन्हा सांग — नको, मीच सांगतो, पाठ झालंय. ‘आबाचं काळीज कच्चं आहे, त्याची बायको आत्ताच गेलीय, त्याला हळूहळू कळू दे.’ माझं काळीज कच्चं! दोन डॉक्टरांनी उघडून बघितलंय ते, तेही असं म्हणाले नाहीत. आणि हळूहळू म्हणजे कसं? माणूस हळूहळू मरतो, कळतं ते एकदमच. तू त्याला गाडीतून होटगीला आणलंस, रानातली फुलं काढायला, आठवड्यामागून आठवडा. नर्सरीत नेलंस, एका फेरीत महिन्याभराची हजेरी लावली त्यानं, मालक म्हणाला, आजोबा, एखादं रोप तरी घ्या. सांगितलंस तू सगळं. होटगीपर्यंत आला आणि माझ्याकडं नाही आला! का — तर आबा चेहरा बघून ओळखेल. ओळखलंच असतं. ओळखायचं असतं म्हणूनच यायचं असतं, मग मी त्याच्याजवळ बसलो असतो, तो बोलायला लागला असता तर म्हणालो असतो, सुम्मनिरो. मला एकदा म्हणायचं होतं ते.

पिशवीत त्याचा फोन आहे ना? कळलं मला. काढू नकोस. किती उरलेत? नाही — सांगू नकोस! आकडा कळला की मी रोज एक वजा करत बसेन, धंदाच तो होता माझा. सगळे एकदम माझ्या फोनवर टाकतेस? म्हणजे मी एका बैठकीत त्याला संपवू? नको. मग काय म्हणतेस, तू स्वतः काढशील, रोज, ताजं? तू गुणाची आहेस. पण दुसऱ्याची सही चालत नाही, पोरी. फोटो सरळ आला तरी मला कळेल.

कालपासून काही आलं नाही, तू थांबवलंस म्हणून. बरोबर केलंस. मी आपला उठलो, दाढी केली, फोन उलटा ठेवला, सरळ ठेवला... आवाज बंद झालाय की काय म्हणून खालच्या पोरीकडून तपासून आणला. चालू होता. मग काय करणार? उतरलो खाली. कण्हेर होती. पाठवली. आजही पाठवली — तुझ्या पिशवीत वाजला असेल, तू गाडीत असताना. सवय आहे. दुसरं काही नाही.

ऊठ आता, तुझी गाडी चुकेल, होटगीला गर्दी होते. पिशवी घेऊन जा, इथं ठेवू नकोस. आणि तो फोन चार्ज करत जा — बॅटरी उतरू देऊ नकोस, जुनी आहे. नाही, उत्तर आज मिळणार नाही. उरलेले फोटो पाठवायचे की थांबवायचे, अशी तुझी विचारणा माझ्या टेबलावर आली, मी वाचली, पोच दिली. जिन्यात दिवा नाही, कठडा धरून उतर. अर्ज प्रलंबित आहे.