दरी काय पळून जातेय!

...आणि वर मान करून म्हणतो कसा, 'दरी काय पळून जातेय?' आता तुम्हीच सांगा, यावर माणसानं बोलायचं काय? दरी नाही हो पळत! लाखो वर्षं आहे तिथेच आहे! पण माणसाचं काय?

हा हरिहर, ठाण्यात आमच्या कोपरीतला, माझ्या खालच्या मजल्यावरचा. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात छत्तीस वर्षं काढली, आता रिटायर. नाद एकच, कॅमेरा. नाद म्हणजे कसा, तुम्हाला सांगतो, घरात लोखंडी कपाट आहे, वरच्या खणात कॅमेरे, मधल्या खणात लेन्सा, खालच्या खणात सुमतीवहिनींच्या साड्या. ओल धरू नये म्हणून पुड्या ठेवल्यात त्या कोणाला? लेन्सांना! वहिनींच्या पैठणीला कसर लागली तरी हूं नाही की चूं नाही, पण लेन्सवर बुरशीचा एक ठिपका दिसला, की हा माणूस दोन दिवस जेवत नाही.

ऑफिसात याच्या शेजारच्या टेबलाला उत्तम. कळव्याचा. दोघं एकाच वर्षी लागलेले, डबा एकत्र, रविवारी भटकणं एकत्र. हरिहर खाडीवरच्या पक्ष्यांवर कॅमेरा रोखून बसायचा आणि उत्तम त्याच्या डोक्यावर छत्री धरून. तर त्या ऑफिसच्या भिंतीवर एक वर्षी कॅलेंडर आलं, परदेशी, आणि मे महिन्याच्या पानावर ती अमेरिकेतली दरी. ग्रँड कॅनियन! लाल, केशरी, जांभळी, थरावर थर... वर्ष संपलं तरी ते पान उत्तमनं उतरवू दिलं नाही. म्हणाला, 'हऱ्या, हे आपण दोघांनी बघायचं.' हरिहर म्हणाला, 'बघायचं! पण या कॅमेऱ्यावर नाही रे. जरा बरा येऊ दे. दरी काय पळून जातेय?'

झालं! बरा कॅमेरा आला. तर म्हणे, याला वाइड लेन्स नाही. वाइड लेन्स आली, तर रोलचे दिवस संपले. डिजिटल आला, तर म्हणे पहिली दोन वर्षं यांच्यात खोट असते, थांबू. मग मेगापिक्सेल कमी, मग सेन्सर लहान, मग आरसा होता तो नको, बिनआरशाचा हवा... अहो, उत्तमनं दोनदा पासपोर्ट काढला, दोन्ही वेळा कोरे संपले! उत्तम फोन करायचा, 'काय रे, या वर्षी?' आणि इकडून आपलं तेच, दरी काय पळून जातेय!

बरं, याची मुलगी क्षिप्रा लग्न होऊन फिनिक्सला. दरीपासून साडेतीन-चार तासांवर! दर वर्षी म्हणायची, 'बाबा, या ना, काकांनाही आणा.' शेवटी मागच्या वर्षी तिनंच हरिहर-उत्तम दोघांची तिकिटं काढली. सुमतीवहिनी म्हणाल्या, 'मी नाही येत, चाळीस वर्षं ट्रायपॉड धरलाय, आता हात दुखतात.'

निघायच्या आधी उत्तमची बायको शालू हरिहरला म्हणाली होती, 'भावजी, यांना जरा सांभाळा हं, दिसायला त्रास होतो.' उत्तमला काचबिंदू. 'थोडं धूसर दिसतं रे,' एवढंच त्यानं हरिहरला सांगितलेलं. आणि यानं काय ऐकावं? 'धूसर ना? तिकडे हवा स्वच्छ असते!' आता हसू की रडू?

तर पोचले. संध्याकाळची वेळ, दरीचा कठडा, जगभरची माणसं. यानं ट्रायपॉड लावला, फिल्टर लावला, काढला, परत लावला. उत्तम क्षिप्राचा दंड धरून उभा. म्हणाला, 'हऱ्या, सांग ना, काय दिसतंय?'

'थांब रे, लाइट येतोय!'

पाच मिनिटं गेली. 'हऱ्या, कॅलेंडरात होतं तसंच आहे का?'

'हो हो, तसंच, तसंच... क्षिप्रा, काकांना जरा बाजूला घे, फ्रेममध्ये येतायत!'

बाजूला घे! पस्तीस वर्षं ज्याच्यासोबत यायचं म्हणत होता, त्याला बाजूला घे! क्षिप्रा म्हणाली, 'बाबा, एकदा नुसतं बघा तरी!' तर डोळा न काढता म्हणतो, 'बघतोच आहे की!' सूर्य बुडेपर्यंत सातशे फोटो. सातशे!

परत आल्यावर महिनाभर कॉम्प्युटरवर बसून त्यातले साठ निवडले, आणि एका रविवारी सकाळी निघाला कळव्याला. मलाही नेलं बरोबर, टाळ्या वाजवायला माणूस नको? शालूनं पोहे केले. यानं टीव्हीला वायर जोडली, पडदे ओढले, पहिला फोटो लावला. खरं सांगतो, श्वास थांबला माझा, असा फोटो! उत्तम अगदी टीव्हीला नाक लावून बसला. 'छान... छान रे.' दुसरा फोटो. 'वा, छान.' तिसऱ्याला हरिहरनं चुकून रिमोटचं भलतंच बटण दाबलं, स्क्रीन काळी. आणि उत्तम म्हणाला, 'हा तर फारच छान.'

शालूनं पोह्यांची बशी खाली ठेवली. म्हणाली, 'भावजी, जायच्या आधीपासूनच यांना दिवस की रात्र, एवढंच जेमतेम कळतं. तुम्हाला कळलं तर तुम्ही बेत रद्द कराल, म्हणून मला बोलू दिलं नाही.'

हरिहरचा चेहरा... नको, त्याचं वर्णन नको. उत्तमच म्हणाला, 'अरे, तोंड काय पाडतोस? तू सांग ना! सगळे फोटो सांग एकेक करून. मी बघतो.'

हरिहरनं घसा खाकरला. 'हा... हा एक-सव्वाशेला काढलाय. एफ अकरा. आयएसओ शंभर.'

'ते ठीक आहे रे. दिसतंय काय?'

'दरी... मोठी आहे. लाल. म्हणजे... थांब हं, बघून सांगतो...'

अहो, बघून सांगतो! टीव्हीकडे वळला, बघत राहिला. त्याला आठवतच नव्हतं काही! वारा होता की नव्हता, थंडी होती की उकाडा, काहीच नाही. कॅमेऱ्याच्या कडेला जे आकडे दिसत होते, तेवढेच पाठ!

मग उत्तमच बोलायला लागला. शालूला म्हणाला, 'अगं, दरीतून गरम वारा वर यायचा, गालावर हात ठेवल्यासारखा. आणि झाडांचा वास, आपल्या देवघरातल्या धुपासारखा. कावळा ओरडला ना, तर त्याचा आवाज खाली जाऊन परत यायला इतका वेळ लागला, की मी म्हटलं, बाप रे, केवढी खोल असेल! शेजारी सुरतचं कुटुंब, त्यांनी ठेपले दिले. त्यांची पोरगी प्रत्येक रंग मोठ्यानं सांगत होती, बापाला. मी तिच्या जवळ सरकलो. सूर्य बुडाला तेव्हा सगळी माणसं एकदम गप्प झाली. शेकडो माणसं, आणि एक आवाज नाही. फक्त आमच्या हऱ्याचं खटाखट खटाखट!'

आणि हसला हो! मनापासून हसला. शालूही हसली, मीही. हरिहर हातात रिमोट धरून खाली बघत बसलेला. मग हळूच उत्तमच्या शेजारी सरकला आणि म्हणाला, 'परत सांग. त्या वाऱ्याचं परत सांग.' उत्तमनं दुपारपर्यंत सांगितलं. पोहे पार गार झाले.

रिक्षातून कोपरीला परतलो. दारात सुमतीवहिनी. 'काय म्हणाले उत्तमभावजी? आवडले फोटो?'

हरिहरनं चपला काढल्या, कॅमेऱ्याची बॅग खाली ठेवली, आणि म्हणाला, 'फोटोंचं राहू दे गं. आम्ही कुठे जाऊन आलो, ते आज कळलं मला.'