माडीवरचा मुका फोन

मी मूळची चांदूर रेल्वेकडची. बाप लोकाच्या वावरात राबे, माय कापूस वेचे, अन् मी लगन होऊन अमरावतीले आली तं नवरा कापसाच्या जिनात हमाल, मंग मी वकीलसाहेबाच्या घरी भांडे, झाडझूड, चहा असं काम धरलं. घर म्हनजे काय सांगू तुमाले, माडीचं, साहेबाच्या बापानं बांधेल. त्याच म्हाताऱ्यानं थो फोन बसवला होता. बाहेर नाई लागे बापा थो, घरातल्या घरातच. एक वर साहेबाच्या हपिसात, एक खाली सैपाकघरात, मधात तार. वर दांडी फिरवली का खाली घंटी वाजे, अन् साहेब म्हनत, दोन चहा पाठवा.

आता त्या घरची रीत आयका. बाईमानसानं बैठकीत जाचं नाई, माडीवर तं नाईच नाई, तिथं पक्षकार बसेल राहेत. सासूसासऱ्यादेखत नवऱ्यासंग बोलाचं नाई. मंग बोलाचं कवा? त्या फोनवर! चहाचं झालं का बाई, म्हनजे साहेबाची बायको, पदर तोंडाशी धरून हळूच इचारे, भाजी काय करू, पोरीला ताप आहे, तुम्ही सकाळी नीट जेवला नाहीत. हासे बी. मी भांडे घासता घासता पाह्यत राहो. सासूसासरे गेले, तरी सवय तीच राह्यली. समोरासमोर आले का दोघंबी मुके.

अन् एका उन्हाळ्यात फोन बंद पडला. बरं, पडाचा तं कवा पडला! ताई, म्हनजे त्याइची पोरगी, नुकतीच मॅट्रिक झालती, तिले कॉलेजात जाचं होतं. अन् साहेबाईनं शेंदूरजनाघाटचं स्थळ पाह्यलं, संत्र्याचे बगीचे वाले लोक, आयतवारी सुपारी फोडाले येनार. पोरीचे डोये रडून रडून सुजले. बाईनं तिले जबान देल्ली, मी बोलते तुझ्या बाबांशी. बोलते कशावर? दांडी फिरवे, कान लावे, ठेवून दे.

मंग अकोल्याहून रेडिओ दुरुस्तीवाला बलावला. त्यानं फोन खोलला तं आतून झुरळंच झुरळं, तार सडेल. म्हने, बाई, हा इंग्रजाच्या टाइमचा माल, याचं सामान आता भेटत नाई, भंगारात देऊन टाका. बाई मटकन खालीच बसली. मी म्हटलं, फोन मेला तं मेला, पायऱ्या तं जित्या हायेत ना! म्हने, अगं, तोंडासमोर कसं बोलू, कधी बोलले नाही. म्हटलं, मी सांगू का? तं म्हने, असलं दुसऱ्याच्या तोंडून सांगतात का. मले असा राग आला! म्हटलं, मंग पाहुने दारात आल्यावर बोलान का वं बाई?

उठली. पदर घट्ट घेतला अन् चढली. मांगं मी, हातात चहा, कोनी पाह्यलं तं निमित्त पाह्यजे ना.

तुमाले खोटं वाटन, वर साहेब एकटेच, फोन कानाले लावून दांडी फिरवून राहिले! माहीत होतं त्याइले बंद हाये म्हनून, तरीबी. बाईले दारात पाह्यलं तं फोन ठेवला नाई त्याईनं. खिडकीकडं तोंड केलं अन् म्हने, बोल.

बाईनं भितीकडं तोंड केलं. म्हने, पोरीला शिकू द्या, लग्नाची घाई करू नका, ती रडते आहे.

साहेबाच्या कानाले थो मेलेला फोन तसाच. त्याच्यातच म्हने, बरं. आनखी काही?

बाई म्हने, चहा थंड होतो आहे.

पाहुन्याइले साहेबाईनं नाई म्हनून कळवलं. ताई आता अकोल्याले शायेत शिकवते. अन् हे दोघं झुल्यावर बसून दिवसभर बोलत राह्यतात, भांडतात बी, घरात दुसरं काई आयकू येऊ देत नाई, मलेच म्हना लागते, आता बास करा, मायं डोकं उठलं. फोन अजून भितीवरच हाये, बाई काढू देत नाई, मी रोज फडकं मारते त्याच्यावर. माया घरी असं काई लागलंच नाई कवा, मी गल्लीतून हाक मारली का थेट जिनात आयकू जाये.

देव त्याइले असंच भांडत ठेवो.