अठरा मळक्या जर्स्या

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले समितीचे सभासद, समोरचे पालक, आणि खुर्च्या संपल्या म्हणून भिंतीला टेकलेल्या खेळाडूंनो, सगळ्यांना माझा नमस्कार. एकोणीस वर्षं मी या क्लबाचे कपडे धुते. शिक्षण तिसरीपर्यंत, आमच्या तिसरीच्या बाईंना विचारलंत तर दुसरीपर्यंतच. भाषणाला उभं राहायची ही पहिलीच वेळ. चिटणीससाहेब म्हणाले, "आजी, दोन शब्द बोला, पण गोड बोला." बोलते. गोडाचं बघू.

आज आपण फुटबॉलच्या मास्तरांना निरोप देतोय. निरोप हा आपला सभ्य शब्द. समितीनं त्यांना काढलंय. त्यात कुजबुजण्यासारखं काय? काढणं हा तर माझा धंदाच. मी डाग काढते तेव्हा कापड स्वच्छ होतं. माणूस काढला की डाग उलटा त्यालाच चिकटतो, एवढाच फरक.

मलाही दोनदा काढलंय. पहिल्या लॉन्ड्रीत मी एका वकिलाचा कोट इस्त्रीनं जाळला. गप्पांत गुंतले होते, चूक माझीच. दुसऱ्या ठिकाणी मोठं मशीन आलं आणि आम्हा चार बायकांची गरज संपली. दोन्ही मालकांचं वाक्य मात्र एकच, "उद्यापासून येऊ नका." आता त्या वाक्यावरून कोणाला कळावं, मला इस्त्री येते की नाही?

मग मास्तर कुठल्या खात्यातले? कोटाच्या की मशीनच्या? समितीच्या पत्रात लिहिलंय, 'क्षमता कमी पडली'. मला खेळातलं कळत नाही. मळातलं कळतं.

यांच्या आधी टोपीवाले मास्तर होते. कप त्यांनी आणला, फोटो मागे लावलाय. त्यांच्या वेळी सरावानंतर माझ्याकडे अकरा जर्स्या चिखलानं माखून यायच्या आणि सात घडी न मोडता. ते अकरा गडी त्यांच्याही आधीच्या मास्तरांनी घडवलेले. आयत्या बिळावर नागोबा, आणि टाळ्या नागोबाला! टोपीवाले गेले, पाठोपाठ ते अकराही पांगले, आणि या मास्तरांच्या हाती काय आलं? ते घडीचे सात आणि काही नवखे.

पहिल्याच महिन्यात मी भांडायला गेले. "मास्तर, अठराच्या अठरा जर्स्या मळवता, साबण पुरत नाही."

"आजी, बाकावरच्यांनाही पळवतोय."

"त्यांना पळवून कप येणार आहे?"

"ते सांगता येत नाही. त्यांना खेळता येईल."

खेळता आलं. त्यांचे गुडघे मी धुतलेत, म्हणजे गुडघ्यांवरचं कापड, म्हणून सांगते. कप मात्र आला नाही. यंदा तर आपण शेवटून पहिले.

आता मास्तरांची चूकही सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी पक्षपाती. शेवटच्या चार सामन्यांत मागच्या खेळाडूंचे कपडे चिखलात लडबडलेले आणि पुढच्या तिघांच्या चड्ड्या कोऱ्या करकरीत. मी विचारलं, "हे तिघं काय सावलीला बसले होते?" मास्तर बुटाची नाडी बांधायला वाकले. मग म्हणाले, "आपला एक गोल झाला की मी घाबरायचो, आजी. चेंडू पुढे नेऊच नका, मागेच अडवून धरा म्हणायचो." चारही सामने तसेच हातचे गेले. तेव्हा अध्यक्षसाहेब, कोट जळला, आणि तो यांनीच जाळला. मान्य. पण तेवढ्यावरून यांना इस्त्रीच येत नाही असं तुम्ही लिहून मोकळे झालात. त्याहून वाईट म्हणजे यांनी ते खरं धरलं.

पलीकडच्या मुलींच्या शाळेला मास्तर हवेत. तिथल्या मोठ्या बाई दोनदा यांच्या घरी गेल्या. दोन्ही वेळा यांनी दारातूनच सांगितलं, "मला जमत नाही हे सिद्ध झालंय, बाई." मला हे यांच्या बायकोनं सांगितलं. बाईंना आजच्या आज उत्तर हवंय, उद्या त्या दुसरा माणूस नेमणार. म्हणून मीच त्यांना इथे बोलावलंय. त्या काय, तिसऱ्या रांगेत, चष्म्याच्या. चिटणीससाहेब, घड्याळ दाखवू नका, उरकतेच आहे.

मास्तर, नको असेल तर खुशाल नाही म्हणा. पाय दुखतात म्हणा, कंटाळा आला म्हणा. पण 'मला काढलं, म्हणजे मला येत नाही' हे कारण चालणार नाही. ते समितीचं आहे, त्यांचं त्यांना लखलाभ. बाईंकडे बघा आणि काय ते सांगून टाका.

मान खाली घालून काय पुटपुटताय? मोठ्यानं! माईक देऊ का?

बाई, ते विचारताहेत, मुली किती आहेत, आणि मैदानात पाणी कुठल्या बाजूला साचतं.

ऐकलंत? नाही म्हणणारा माणूस पाण्याची चौकशी करत नाही.

अध्यक्षसाहेबांनी मला बोलू दिलं, पोरांनी चुळबुळ न करता ऐकलं, सर्वांची आभारी आहे. कोणाला काही लागलं असेल तर माझ्या पिकल्या केसांकडे बघून पोटात घाला. समितीची भेटवस्तू द्यायची राहिलीय हे मला माहीत आहे, पण ती आता घरी पोचवा. दारातल्यांनो, जरा बाजूला व्हा. उत्सवमूर्ती मैदान बघायला निघालेत.