पोनपेचे दगड परत करताना

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या मंडळाचा गाडा ओढणाऱ्या रुपालीताई, सत्कारमूर्ती डॉक्टर मृणालिनीताई सबनीस, त्यांच्या शेजारी बसलेल्या मार्लीन, आणि रविवारची सकाळ, ड्राइव्हवेवरचा बर्फ आणि मुलांची बास्केटबॉल प्रॅक्टिस या तिन्ही संकटांवर मात करून इथवर आलेल्या नेपरव्हिलकर मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

माईक आणि स्लाइड्स सांभाळणाऱ्या अनीशने माझ्यासमोर फोन ठेवलाय. त्यात टायमर सुरू आहे. पंधरा मिनिटं. आत्ताच कानात म्हणाला, "काका, यार, प्लीज. पंधरा म्हणजे पंधरा." अनीश, तुझं बरोबर आहे. या हॉलमध्ये माझ्या नावावर एक जुना गुन्हा आहे आणि तो वेळेचाच आहे. निदान सुरुवात तरी वेळेपासून झाली.

तो गुन्हा आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे मी इथे कशाला उभा आहे याचा कोणाला प्रश्न पडायला नको. मृणालिनीताई गेली सहा वर्षं माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. दिवाळीच्या फराळाला समोरासमोर आलो तर त्या नीलांबरीशी, म्हणजे माझ्या पत्नीशी बोलतात आणि माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघतात. आजच्या कार्यक्रमात गुरुदत्तला बोलायला उभं करू नका, असंही त्यांनी कळवलं होतं. मला ठाऊक आहे. रुपालीताईंनी तरीही मला वेळ दिला, कारण मी त्यांच्या घरी जाऊन अक्षरशः विनवण्या केल्या. ताई परवा मंगळवारी निघताहेत. होनोलुलूहून एक विमान एसटीसारखं बेटाबेटावर थांबत पश्चिमेकडे जातं, त्या विमानाने. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, तिथल्या सरकारी दवाखान्यात लहान मुलं तपासायला. त्या जाण्याआधी माझ्याकडे आहेत ही पंधरा मिनिटं. आता चौदा.

त्या कुठे जाताहेत? पोनपेला! मंडळी, हे नाव नीट ऐका. प्रशांत महासागराचा नकाशा उघडा. विषुववृत्ताच्या सात अंश वर, निळ्या पसाऱ्यात, एखाद्याने चष्म्याची काच पुसताना राहिलेला डाग वाटावा असा ठिपका. आकाराने मुंबईच्या निम्म्याहून थोडा मोठा. पण तो ठिपका म्हणजे समुद्राच्या तळातून वर आलेला ज्वालामुखी आहे! मधोमध अडीच हजार फूट उंचीचे डोंगर. डोंगरमाथ्यावर वर्षाला साडेसात मीटर पाऊस. आंबोलीच्या तोडीस तोड, आणि तोही चार महिन्यांत उरकणारा नव्हे, बारा महिने. खाली खारफुटी, खारफुटीपुढे उथळ निळं पाणी, आणि त्याला प्रवाळाचा कठडा. महासागर त्या कठड्यावर येऊन आपटतो आणि आत मुलं निवांत पोहतात.

तिथली काळी मिरी एकदा खा. ताईंनी पूर्वी आम्हाला एक पुडी दिली होती, अबोल्याच्या आधी. नीलांबरी ती अजून जपून वापरते, आणि मला देत नाही.

आणि तिथला माणूस मोठा मजेदार. सुरणाचा थोरला भाऊ शोभेल असा एक कंद तिथे पिकतो, माणसाहून मोठा होतो, बांबूला बांधून चौघांनी उचलावा लागतो. तो प्रत्येकजण रानात लपवून वाढवतो आणि समारंभात एकदम सर्वांसमोर आणतो. दुसऱ्याच्या कंदाकडे डोकावून बघणं, त्याबद्दल विचारणं, हा तिथे असभ्यपणा. आणि आपण? पहिल्या भेटीत विचारतो, घर केवढ्याला पडलं!

पण मला सांगायचंय ते दगडांबद्दल. लाव्हा सावकाश थंड झाला की काही वेळा त्याचे सहाकोनी खांब होतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. पोनपेच्या लोकांनी असे खांब डोंगरातून काढले, पाण्यावरून नेले आणि प्रवाळाच्या उथळ भागावर एक अख्खं शहर रचलं. नान मदोल त्याचं नाव. नव्वदहून जास्त कृत्रिम बेटं, मधून रस्त्यांच्या जागी पाण्याचे कालवे. एक थर आडवा, एक थर उभा, चुलीत लाकडं रचतो तसे दगडाचे खांब रचलेले, आणि भिंती पंचवीस फूट उंच! अंदाजे साडेसात लाख टन दगड. चाक नव्हतं. लोखंड नव्हतं. ओझं वाहायला बैल नव्हता. आठशे वर्षांपूर्वी! वेरुळला आपल्या पूर्वजांनी डोंगरातून दगड काढून टाकला आणि मंदिर उरलं. यांच्या पूर्वजांनी समुद्रात दगड आणून टाकला आणि राजधानी उभी राहिली. सांगा, अंगावर काटा येतो की नाही?

सहा वर्षांपूर्वी मृणालिनीताई हेच सांगणार होत्या. याच हॉलमध्ये. मंडळाच्या व्याख्यानमालेत त्यांना पंचेचाळीस मिनिटं दिलेली होती आणि वक्त्यांची ओळख करून द्यायला मी होतो. ओळख! तीन मिनिटांचं काम. मी बत्तीस मिनिटं बोललो. तुमच्यातले बरेचजण होते. आठवतंय ना? हसू नका, तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

कशाला वाजवल्या होत्या? तर मी ताईंचे पोनपेचे फोटो आदल्या दिवशी पाहिले होते. ते खांब पाहिले आणि मला साक्षात्कार झाला. मुठी वळून मी म्हणालो, "एवढे दगड, एवढी बांधणी, ही त्या इवल्याशा बेटावरच्या लोकांची करामत असेल? हा दगड आपला, ही विद्या आपली! आपलेच दर्यावर्दी पूर्वज शिडं उभारून तिथवर गेले असले पाहिजेत!" पुरावा? माझा आवाज. हॉल दणाणून गेला. मंडळी, ते शंभर टक्के खोटं होतं. मी ते अभ्यास न करता, उत्साहाच्या भरात, माईक हातात आहे म्हणून बोललो.

तिसऱ्या रांगेत मार्लीन बसली होती. ताईंच्या क्लिनिकमधली नर्स. जन्म पोनपेचा. तिच्या देशाच्या आणि अमेरिकेच्या करारामुळे तिथले लोक इथे येऊन नोकरी करू शकतात, तशी आलेली. आपल्या गावाबद्दल परक्या भाषेत कोणीतरी व्याख्यान ठेवलंय म्हणून ताईंची पैठणी नेसून आली होती. ताई शेजारी बसून तिला माझं बोलणं इंग्रजीत सांगत होत्या. मग सांगायच्या थांबल्या. मार्लीनने विचारलं, "डॉक्टर, थांबलात का? हे सगळे टाळ्या कशाला वाजवताहेत?" ताईंना तिला ते सांगावं लागलं. तिच्या तोंडावर.

मग ताई उठल्या. तेरा मिनिटं उरली होती आणि मागून पुऱ्यांचा वास यायला लागला होता. त्यांनी लॅपटॉप मिटला. म्हणाल्या, "स्लाइड्स राहू देत. एवढंच सांगते, ते शहर मार्लीनच्या पूर्वजांनी बांधलं. ती इथेच बसली आहे. जेवण तयार आहे." आणि बसल्या. आपण सगळे उठून रांगेत उभे राहिलो. सर्वात पुढे मी.

माझ्या भाषणाचा व्हिडिओ निघाला. अकरा हजार लोकांनी पाहिला. ताईंचा फोन आला. "गुरुदत्त, तो व्हिडिओ काढ."

मी म्हणालो, "ताई, तुमच्याकडे पुरावा काय?"

"तुझ्याकडे काय आहे?"

मी म्हणालो, "अकरा हजार लोक." त्यांनी फोन ठेवला. तो शेवटचा शब्द.

मी आयुष्यभर या व्यासपीठावरून काय ओरडत आलोय? की आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, आपली लेणी परक्यांनी शिकवली असं कोणी म्हणालं तर पेटून उठा! आणि मी काय केलं? पोनपेला स्पेनवाले आले, झेंडा रोवला, आणि १८९९ मध्ये बेट जर्मनीला विकून मोकळे झाले. बेटावरच्या माणसांना कोणी विचारलं? जर्मनांनी रस्ते बांधायला वेठीला धरलं तेव्हा १९१० मध्ये सोकेस भागातले लोक उठले. म्होरक्यांना गोळ्या घातल्या, शेकडो माणसांना, बायकामुलांसह, बेटावरून हाकलून दिलं. मग जपानी आले, मग युद्ध, मग अमेरिका. १९८६ साली कुठे स्वतःचा कारभार हाती आला. शंभर वर्षं चार सत्तांनी त्यांची जमीन घेतली, पण ते दगड त्यांचे होते. त्यांच्यावरही लोक टपून होतेच. कोणी म्हणालं बुडालेल्या खंडातल्या लोकांनी रचले, कोणी म्हणालं परग्रहावरून आलेल्यांनी. बेटावरचा माणूस सोडून कोणालाही श्रेय द्यायला जग तयार! त्या रांगेत नेपरव्हिलहून मीही जाऊन उभा राहिलो.

घरी गेल्यावर नीलांबरी एवढंच म्हणाली होती, "अहो, दगड तुमचे कधी झाले?" सहा वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की ताईच चिडक्या आहेत.

यंदा जानेवारीत मी आपल्याच ड्राइव्हवेवर घसरलो. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर चालायला शिकवायला मला रिहॅबमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स आली, चार्ट वाचला, माझ्याकडे बघितलं, परत चार्ट वाचला. आणि म्हणाली, "आमचे दगड नेलेले तुम्हीच ना?"

मार्लीन! ती आता तिथे नोकरीला होती. मी पलंगावर, तीन टाके ओले, पळायची सोय नाही.

म्हटलं, आता ही माझा सूड घेणार. घेतला. रोज सकाळी वॉकर पुढे ठेवायची आणि म्हणायची, "उठा, आज सोकेसपर्यंत." त्या कॉरिडॉरचा तिने पोनपे केला होता! लिफ्ट म्हणजे विमानतळ. पाण्याचा नळ म्हणजे कोलोनिया गाव. नर्सेसचं टेबल म्हणजे सोकेसचा कडा. आणि पार शेवटची खिडकी म्हणजे नान मदोल. मी चार पावलं टाकायची, तिने एक गोष्ट सांगायची. तीनशे तेहतीस योद्धे घेऊन समुद्रातून आलेल्या इसोकेलेकेलने जुलमी राजघराणं कसं संपवलं, ही दंतकथा मी वॉकरवर उभा राहून ऐकली. थकलो की म्हणायची, "माझ्या लोकांनी खांब उचलले, तुम्ही निदान पाय तरी उचला." अठराव्या दिवशी मी त्या खिडकीपाशी पोचलो. बाहेर बर्फाचे ढीग, आणि मी नान मदोलला!

तिथे मी तिला म्हणालो, "मार्लीन, माझं चुकलं. मला माफ कर."

ती म्हणाली, "इथे? कॉरिडॉरमध्ये? चोरी भरल्या हॉलमध्ये केलीत आणि परत द्यायची खिडकीत?" मग तिने तिच्या गावची रीत सांगितली. सकाऊ नावाच्या झाडाची मुळं सपाट दगडावर कुटतात, त्याचा रस काढतात. ज्याच्याकडून मोठी आगळीक झाली त्याने तो रस घेऊन जायचं, मान खाली घालून पेला पुढे करायचा. समोरच्याने घेतला की विषय संपला. पुन्हा काढायचा नाही. ती म्हणाली, "आणि मला एकटीला देऊन चालणार नाही. डॉक्टरांना आधी."

तर मंडळी, तो जुना व्हिडिओ मी मार्चमध्येच काढला. आज अनीश हे भाषण रेकॉर्ड करतोय ते त्याच जागी जाणार आहे, त्याच नावाने. दगड मार्लीनच्या पूर्वजांचे. काढले त्यांनी, वाहिले त्यांनी, रचले त्यांनी. हे मी मोठ्याने, याच माईकवरून म्हणतोय.

ही नारळाची करवंटी. यात सकाऊ आहे, मार्लीनने कॅन्सस सिटीच्या तिच्या मावशीकडून पावडर मागवली. रंग गढूळ, चव मातीची. आणि ऐका, याने जीभ बधिर होते! अनीश, एवढं खूश व्हायचं कारण नाही.

मृणालिनीताई, मी खुब्यातून नीट वाकू शकत नाही, पण मान वाकते. हा पेला.

काय म्हणालात ताई? मागे ऐकू गेलं नसेल, मंडळी, ताई म्हणाल्या, "गुरुदत्त, आधी तू पी. कळू दे किती कडू आहे ते." सहा वर्षांनंतरचा पहिला शब्द! आणि मार्लीन म्हणतेय, रीत मोडायची नाही, पहिला मान डॉक्टरांचा.

ताईंनी पेला घेतला. प्यायल्या. तोंड वाकडं केलं. नाही, नाही, टाळ्या नकोत! गेल्या वेळी टाळ्यांनीच घात केला. आता मार्लीन. आणि आता मी.

आईशप्पथ.

जीभ जड होण्याआधी उरलेलं उरकतो. रुपालीताई, वेळ दिलात, आभारी आहे. नीलांबरी, तू सहा वर्षं मिरी दिली नाहीस, बरं केलंस. सभ्य श्रोतेहो, बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची आपली पद्धत आहे. मी मात्र म्हणतो, घालू नका. जे चुकलं ते जेवताना मला तोंडावर सांगा. पुऱ्या गार झाल्या तर तो दोषही माझा, कारण जेवण मी रुपालीताईंना एक तास पुढे ढकलायला लावलंय.

टायमरवर अजून दोन मिनिटं आहेत. ती आणि हा तास, दोन्ही मृणालिनीताईंचे. त्यांच्या त्या स्लाइड्सची जुनी फाइल मार्लीनकडे होती. ताई, या. तुमची ओळख करून द्यायची गरज नाही.

अनीश, पहिली स्लाइड लाव.