गुडघ्याचा अनुभव

हो हो, पत्रकावरचा फोटो माझाच — चष्मा बघा की, हा तोच. नाही कशाला म्हणू? तुम्ही अन्न खात्याचे, त्या जांभळ्या फळाच्या रसाची चौकशी करताय, कळलं मला. तक्रार कुणाची तेही सांगू नका, माझ्या धाकट्या जावेचीच असणार. बसा ना नीट, ती खुर्ची नुसती वाजते, मोडत नाही. तर तुमचा प्रश्न — रस पिऊन माझा गुडघा बरा झाला का? झाला म्हणजे — आता कसं सांगू — तो दुखतच नव्हता.

हसू नका. हे गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलतो कोण, तर रेडिओ. मुलगा फोन करतो, पण 'बरी आहेस ना' एवढं विचारून ठेवतोही. आणि तिथे, त्या रसवाल्यांच्या सभेला, दर मंगळवारी चार वाजता पन्नास माणसं — पुढे बोलावतात, हातात माईक देतात, अनुभव सांगा म्हणतात. कुणाची साखर उतरलेली, कुणाची धाप थांबलेली. दूरच्या डोंगरातलं फळ, शंभर दुखण्यांवर एक बाटली, असं पडद्यावर दाखवायचे. आणि मला मेलीला एक दुखणं नाही. तीन मंगळवार मागच्या रांगेत गप्प बसले, चौथ्या मंगळवारी उभी राहिले नि म्हटलं — गुडघा. तोंडातून निघूनच गेलं. टाळ्या पडल्या हो. मग जो तो विचारायला लागला, ताई, गुडघा कसा आहे? मी तो थोडा थोडा बरा करत नेला, घाई केली नाही. बाटल्या? त्या पलंगाखाली. एक उघडली होती, पण रस घशाखाली उतरेना.

जावेचे गुडघे मात्र खरेच दुखायचे. तिनं पत्रकात मला पाहिलं, डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या, सहा महिने त्या रसावर राहिली. आधी विचारलं होतं मला — जाऊबाई, खरंच ना हो? — आणि मी खरंच म्हटलं. तेव्हा नाही म्हणता आलं असतं की नाही? आलं असतं. पण तिनं कुठे बोलून दाखवलं असतं तर मंगळवारी कुठल्या तोंडानं गेले असते? आता तिला जिना उतरवत नाही, माझ्याशी बोलत नाही. मला फार लाज वाटते हो.

तिथली माणसं वाईट नाहीत — असतील, तुम्ही म्हणता तर. माझं नाव तरी घ्यायची. तुमच्या जबाबावर सही केली की मंगळवार संपला माझा, तेही कळतं मला. आणा तो कागद. 'अनुभव खोटा होता' असंच लिहा, गोलमाल नको. हं, घ्या.

काय? छे, काही नाही, मी अशीच टेबल धरून उठते. उजवा. दोन महिने झाले, खरंच दुखतो आता. तिथे कुणाला सांगणार, मी तर बरी झालेली बाई — आणि जावेला तर नाहीच. तुम्ही विचारलंत म्हणून बोलले. दाखवीन डॉक्टरांना, दाखवीन. निघा तुम्ही, तुमची कामं पडली असतील. दार तेवढं ओढून घ्या. मला तिथवर यायला वेळ लागेल.