ज्याच्या त्याच्या जागेचं स्टूल

—नाही हो साहेब, मोडकं नाही ते. तुम्ही ते खिडकीजवळून उचलून इथं आणलंत ना, म्हणून डुगडुगतंय. ठेवा परत. आमच्या पबात प्रत्येक स्टूल आपापल्या जागेचं — जमिनीला जसा उतार तसे पाय कापलेले. आमच्या ह्यांनी, क्लेमंटनी कापले. वर बसून बघायचे, उतरायचे, पुन्हा करवत. मी ओरडायची, अशानं एक दिवस गिऱ्हाईक जमिनीवर बसेल. तर म्हणायचे, "बरंच की प्रू, पडलं तर लागणार नाही."

मालक कंपनीनं तुम्हाला जमीन सपाट करायला पाठवलंय, ठाऊक आहे मला. हातातली पाणसळ दिसतेय की — अहो, डोकं! लागली ना तुळई? पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला लागते. बांधणाऱ्यांनी ओकचं लाकूड ओलं असतानाच घातलं, ते इथंच वाळलं, वाळता वाळता पिळलं, आणि अख्खा सांगाडा नदीकडे कलला. पडला का? नाही पडला. खिळा एक नाही, सगळ्या लाकडी खुंट्या — कललं ते सगळं मिळून कललं. दारं तिरपी, खिडक्या तिरप्या, आणि ते शेकोटीपाशी बसलेत ना, आमचे टॅपली — तेही तिरपेच. हायवेवरच्या नव्या पबात गेले, तर अर्ध्या ग्लासात चढली. बियर नव्हे हो, सपाट जमीन चढली! दोघांनी धरून आणलं त्यांना.

तुम्ही जमीन सरळ केलीत, की ही सगळी स्टुलं वाकडी. नवी घेऊ म्हणता? घ्या की, माझं काय अडतंय? बारमागचं माझं तेवढं एक — तेही त्यांनीच कापलेलं, मला न सांगता. भांडण चाललं होतं आमचं, कित्येक दिवस अबोला. एका सकाळी मी त्यावर बसले, तर पाठ दुखेना. ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आता माणूसच गेलं, विचारायचं कुणाला? — छे, रडतेय कुठं, धूर गेला डोळ्यात. ती चिमणी दुरुस्त करा हवी तर.

उभे का? बसा कुठंही. हां... हललं नाही ना? जराही नाही? भिंतीकडचं ते —

उठा साहेब. ते क्लेमंटचं आहे. उठा, पाणसळ उचला आणि चला बाहेर. जाताना डोकं सांभाळा — नाहीतर राहू दे, नकाच सांभाळू.